दिलेलें गाणें आणि घेतलेलें गाणें

गेल्या गणेशोत्सवांत साताऱ्याच्या आमच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. दुपारचीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर विसावली असतां आमच्या धाकट्या पुतण्यानें मोबाईलवर अब्दुल करीम खांसाहेबांची भैरवींतील ठुमरी लावली. बोलणें आपोआप थांबलें. सुपारी कातरणाऱ्या अण्णांचा, म्हणजे आमच्या वडीलबंधूंचा, अडकित्ताही मध्येंच राहिला. तीन मिनिटांनीं गाणें संपलें तेव्हां अण्णांनीं विचारलें, "हें कोठून मिळविलेंस रे?" पुतण्या सहज म्हणाला, "कोणी तरी पाठविलें, अण्णाकाका. असलें सारें फुकटच मिळतें."

'फुकट' हा शब्द अण्णांस झोंबला. ते म्हणाले, "फुकटचें गाणें म्हणजे चोरीचें गाणें. आमच्या वडिलांनीं पोटाला चिमटा घेऊन एकेक तबकडी विकत आणली." पुतण्या म्हणाला, "खांसाहेबांना जाऊन ऐंशी वर्षांवर काळ लोटला. चोरी झाली ती कोणाची?" तेवढ्यांत माजघरांतून वहिनींचा आवाज आला, "देवळांतल्या कीर्तनाचें तिकीट कधीं कोणी काढलें आहे का? गाणें वाटल्यानें का कमी होतें?"

तिघांच्याही बोलण्यांत कांहीं खरें होतें, आणि तिघांचेंही बोलणें पुरें नव्हतें. त्या दिवशीं या वादाचा निकाल लागला नाहीं. परंतु तेव्हांपासून आम्ही या प्रश्नाचा विचार करीत आहों. त्या विचारांत आमच्या स्वतःच्या हातून घडलेल्या दोन चुका वाचकांपुढें मांडणें आम्हांस भाग आहे. कारण जें आम्हांस उमगलें तें पुस्तकांतून कमी आणि त्या चुकांतूनच अधिक उमगलें.

तबकड्यांचा शेजार

आमच्या घरीं वडिलांचें एक शिसवी कपाट आहे. त्यांत लाखेच्या जुन्या तबकड्या उभ्या लावून ठेविलेल्या आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची, एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें चालणारी ही तबकडी आजच्या मुलांस खेळण्यासारखी वाटते. परंतु रात्रभर गाणाऱ्या गवयास तीन मिनिटांत आपलें सर्वस्व सांगावयास लावणें ही लहान शिक्षा नव्हे, आणि ज्यांनीं ती हंसत सोसली त्यांचें मोठेपण याच तबकड्यांत दिसून येतें.

या कपाटाचें खरें सुख एकच तबकडी ऐकण्यांत नसून दोन तबकड्या शेजारीं ठेवून ऐकण्यांत आहे. झिंझोटींतील एक प्रसिद्ध ठुमरी खांसाहेबांनीं गाइली आहे, आणि तीच ठुमरी न्यू थिएटर्सच्या १९३५-३६ मधील हिंदी 'देवदास' बोलपटांत कुंदनलाल सैगल यांनींही गाइली आहे. खांसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार. तो सुरावर जाऊन बसला म्हणजे तेथून उठावयास तयार नसतो. झिंझोटीचा मंद्र सप्तकाकडे झुकणारा स्वभाव ते असा उलगडतात कीं, शब्द केवळ निमित्तमात्र उरतात आणि विरह सुरांतच साकारतो. सैगल यांनीं मात्र शब्द धरून ठेविला आहे. तान नाहीं, फिरत नाहीं. एक दुःखी माणूस आपल्याच मनाशीं पुटपुटावा तसें तें गाणें आहे. मायक्रोफोन आल्यावरच असें हळू गातां येऊं लागलें. त्यापूर्वीं, म्हणजे या शतकाच्या मागील शतकाच्या आरंभीं, गवयास कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणतें, असें कोणीं विचारिलें तर आम्ही उत्तर देणार नाहीं. खांसाहेबांनंतर सैगल ऐकले तर सैगल साधे वाटतात. सैगल यांच्यानंतर खांसाहेब ऐकले तर साधेपणाच्या आंत किती खोल पाणी आहे तें कळतें.

दुसरी जोडी खास आपल्या मुलुखाची आहे. सांगलींत जन्मलेले नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांस गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या. त्या पदांवर मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनीं आपला ठसा असा उमटविला कीं, आजही कोणी तीं पदें गाऊं लागला म्हणजे श्रोता दीनानाथांच्या जागा शोधूं लागतो. खांसाहेबांनींही 'मानापमाना'तील पद तबकडीवर दिलें आहे. दीनानाथांचें गाणें म्हणजे तलवारीचा हात: एकाएकीं वर झेप, शब्दाचा तुकडा पाडून पुन्हां जोडणें, आणि श्रोत्यास श्वास घेण्यास सवड मिळूं न देणें. खांसाहेब तेंच पद घेतात तेव्हां रंगभूमी नाहींशी होते. मराठी शब्द त्यांच्या तोंडीं थोडे परके वाटतात. नायकाची ऐट जाऊन भक्ताचें आर्जव येतें. एकच पद, परंतु एकानें तें जिंकलें आणि दुसऱ्यानें तें वाहिलें.

एका गाण्याचे मालक किती?

अशा तबकड्या ऐकतांना मालकीचा प्रश्न आपोआप उभा राहतो. झिंझोटीची ठुमरी कोणाची? ती खांसाहेबांनीं रचलेली नव्हे, सैगल यांनींही नव्हे. ती परंपरेची होती. दोघांनीं ती घेतली आणि आपापल्या गळ्याचें व्याज घालून परत केली. नाटकांतील पद घेतलें तर शब्द खाडिलकरांचे, चाल टेंब्यांची, गळा दीनानाथांचा, आणि तबकडी कंपनीची. शिवाय टेंब्यांच्या कित्येक चालीही हिंदुस्थानी चिजांवरून आलेल्या. तीन मिनिटांच्या गाण्यांत एवढे भागीदार!

कायद्यानें या भागीदारीची वाटणी केलेली आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें आज लेखक व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षें चालतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क तें प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें चालतो. खाडिलकर १९४८ सालीं निवर्तले, टेंबे १९५५ सालीं. खांसाहेबांच्या व दीनानाथांच्या तबकड्या तर त्याहूनही जुन्या. तेव्हां या गाण्यांपुरता आमच्या पुतण्याचा कायदा बरोबर होता. मुदत संपली, गाणें सर्वांचें झालें. तें वाटण्यांत चोरी नाहीं.

परंतु कायदा जेथें संपतो तेथें गृहस्थाचें कर्तव्य संपत नाहीं. त्यासाठीं मिरजेस जावें लागेल.

मिरजेची हजेरी

मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. एका मोठ्या दुखण्यांत खांसाहेबांस येथें उतार पडला, अशी श्रद्धा सांगतात. तेव्हांपासून उरुसास येऊन दर्ग्याच्या आवारांतील चिंचेखालीं गायचें, हा त्यांचा नेम झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं मद्रासहून पाँडिचेरीकडे जातांना सिंगपेरुमल कोइल या स्टेशनावर त्यांचा अंत झाला. परंतु मातीसाठीं त्यांस मिरजेसच आणण्यांत आलें. त्यांच्यामागें त्यांची शिष्यमंडळी ही हजेरी चालवूं लागली. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल यांच्यासारख्या थोर गायिका येथें गाऊन गेल्या. येथें बिदागीची बोली नसते आणि तिकीटही नसतें. ज्याचें नांव बाहेर हजारोंनीं मोजलें जातें तोही येथें सेवा म्हणून गातो, आणि ज्याच्या खिशांत दमडी नाहीं तोही पुढें बसून ऐकतो.

आमच्या वहिनींचें म्हणणें येथें पूर्णपणें खरें ठरतें. गाणें वाटल्यानें कमी होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर न वाटल्यानें तें मरतें, हेंही याच मिरजेनें पाहिलें आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं ग्वाल्हेरची गायकी मिळविण्यासाठीं काय हाल सोसले, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकलें असेल. त्या काळीं चीज ही घराण्याची ठेव होती. जांवयाच्या आंदणांत चिजा दिल्याच्या कथा आहेत, आणि मुलाखेरीज कोणास न शिकवितां विद्येसह गेलेल्या उस्तादांच्याही आहेत. बुवांनीं ती गायकी दक्षिणेंत आणिली. मिरजेस त्यांच्यापाशीं शिकलेले कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ सालीं येथून बाहेर पडले, आणि १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. त्यांनीं स्वरलिपीचीं पुस्तकें छापलीं. तिकडे भातखंडे यांनीं शेंकडों चिजा गोळा करून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या रूपानें लोकांपुढें ठेविल्या. पुस्तकांत छापून चीज स्वस्त होईल, असे आक्षेप तेव्हांही निघालेच. आज पाहतां, ज्या चिजा छापल्या गेल्या त्या टिकल्या, आणि ज्या उशाखालीं राहिल्या त्यांचीं नांवेंही उरलीं नाहींत.

आमची पहिली चूक

हें सारें ज्ञान आम्हांस होतें, तरीही आम्हीं व्हावयाचें तें होऊं दिलें. आमच्या आत्याबाई गात असत. त्या कधीं सभेंत गाइल्या नाहींत. त्या काळच्या घरांत तशी रीतही नव्हती. परंतु १९६८ सालीं वडिलांनीं एक स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणिला आणि माजघरांत बसवून त्यांच्याकडून तासभर गाऊन घेतलें. ती फीत कपाटांत होती. सांगलीस आमच्या अक्कांचे यजमान राहतात. त्यांस सारे आप्पा म्हणतात. त्यांनीं दोनदां विचारिलें, "ती फीत चार दिवस द्या. मी तिची प्रत करवून आणतों." आम्हीं दोन्ही वेळां टाळलें. फीत झिजेल, हरवेल, कोणाच्या हातीं पडेल, असें आम्हीं सांगितलें. खरें कारण निराळें होतें. जें आमच्याच घरीं आहे तें दुसऱ्याकडेही असावें, हें मनास रुचत नव्हतें. पुढें एकदां हौसेनें ती फीत काढली तेव्हां तिच्यावरील तपकिरी थर भुकटी होऊन बोटांस लागला. आत्याबाईंचा आवाज त्या भुकटींत गेला. घरांतील नव्या सुनांनीं तो कधींच ऐकलेला नाहीं, आणि आतां ऐकतां येणारही नाहीं.

याच्या उलट आप्पांचें झालें. सांगलीच्या गांवभागांतील त्यांच्या घरांत आमच्याहून मोठा संग्रह होता. ते मात्र वाटेल त्यास प्रत देत: प्रथम कॅसेटवर, मग सी.डी.वर, मग मोबाईलवर. प्रतीसोबत ते एक चिठ्ठी जोडीत. तींत गायकाचें नांव, राग, तबकडीचा क्रमांक, आणि ती कोणाकडून मिळाली तें लिहिलेलें असे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णामाई चढली. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. आप्पांस व अक्कांस नावेंतून बाहेर काढलें. पाणी ओसरल्यावर घर उघडलें तों कपाट पालथें पडलेलें, अर्ध्या तबकड्या फुटलेल्या, उरलेल्यांचीं लेबलें चिखलांत विरघळून गेलेलीं. ऐंशी वर्षांच्या वयांत आप्पा त्या चिखलापुढें नुसते उभे राहिले. परंतु पुढील वर्षभर पत्रें व पुडकीं येत राहिलीं. कोल्हापूरहून, पुण्याहून, बेळगांवहून, ज्यांस ज्यांस आप्पांनीं प्रती दिल्या होत्या त्यांनीं त्या परत पाठविल्या. कित्येकांनीं आप्पांच्याच हस्ताक्षरांतील चिठ्ठ्या जपून ठेविल्या होत्या. ज्यानें वाटलें त्याचें परत आलें. ज्यानें कुलूप लाविलें त्याचें आंतल्या आंत गेलें.

वाटणाऱ्याचें कर्तव्य

आप्पांची चिठ्ठी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आज मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या गाण्यांत निम्म्यांवर गायकाचें नांव नसतें, असलें तर चुकीचें असतें. त्यांहून सूक्ष्म दोष वेगाचा आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनीं फिरवून प्रत घेतली तर सारें गाणें जवळजवळ पाव स्वरानें चढतें. सुरांमधील परस्पर अंतरें तींच राहतात. परंतु गवयाची पट्टी बदलते, आवाजाचा पोत बदलतो, लय घाईची होते. प्रौढ माणसाचा आवाज पोरसवदा लागतो, आणि ऐकणारा म्हणतो कीं खांसाहेब असेच गात.

पाव स्वराची एवढी काय मातबरी, असें कोणास वाटेल. त्यांस आम्ही साताऱ्याच्या व सांगलीच्या एका जुन्या उद्योगाची आठवण देतों. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति यांवर १९१० सालीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स साहेब त्यांस मिळाले. १९१३ सालीं त्यांचाही ग्रंथ निघाला. सुरांचीं अंतरें ताडून पाहण्याच्या या खटपटींत अब्दुल करीम खांसाहेबांचा गळा प्रमाण म्हणून घेण्यांत आला. बावीस श्रुतींची पेटी तयार झाली, ती १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत मांडली गेली, आणि भातखंडे यांच्या पक्षानें तिच्यावर कडक हरकत घेतली. त्या वादांत कोण बरोबर होता हें येथें ठरविण्याचें कारण नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, बावीस श्रुतींतील सर्वांत लहान अंतर वर सांगितलेल्या पाव स्वराच्याही निम्मेंच असतें. त्याच्यासाठीं आपल्या आजोबा-पणजोबांनीं वर्षेंच्या वर्षें खर्चिलीं. आपण मात्र दुप्पट चूक डोळे झांकून पुढें ढकलतों. ज्यास जुनें गाणें फुकट मिळालें त्यानें निदान तें जसें होतें तसें, नांवानिशीं, पुढें द्यावें. एवढी किंमत तरी त्याच्यावर बसलेली आहे.

आमची दुसरी चूक

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं, सारेंच मोकळेपणानें वाटावें असा आमचा निष्कर्ष आहे. फीत गेल्यानंतर आम्हांसही तसेंच वाटलें होतें, आणि त्या उत्साहांतच दुसरी चूक घडली.

आप्पांची धाकटी कन्या, म्हणजे आमची भाची, गाते. गाणें हाच तिचा व्यवसाय आहे. दोन वर्षांमागें तिनें स्वतःच्या पैशानें चार रागांचें मुद्रण करवून घेतलें. तबलजी, पेटीवाले, मुद्रणशाळेचें भाडें, सारें मिळून तिची सहा महिन्यांची कमाई त्यांत गेली. तें मुद्रण तिनें ३०० रुपये किंमतीस विक्रीस ठेविलें. आम्हीं एक प्रत घेतली, ऐकली, आणि अभिमानानें ऊर भरून येऊन व्हॉट्सॲपवरील आमच्या कुळाच्या गटावर सारेंच्या सारें पाठवून दिलें. दोनशेंच्या वर नातलग त्या गटांत आहेत. शाबासकीचा पाऊस पडला. कोणी तें आपल्या मित्रांस पाठविलें, त्यांनीं आणखी कोणास. आम्हांस वाटलें, पोरीचें नांव गांवोगांव झालें.

दिवाळींत ती साताऱ्यास आली. कंदी पेढ्यांचा पुडा पुढें ठेवून आम्हीं विचारिलें, "मग, किती खपलें?" ती म्हणाली, "अकरा, मामा." आम्ही गप्प झालों. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरें झालें असतें. थोड्या वेळानें ती म्हणाली, "मामा, आप्पांनीं वाटलें तें गेलेल्यांचें होतें. तुम्हीं वाटलेंत तें माझें होतें."

या एका वाक्यांत साऱ्या वादाचा निकाल आहे, असें आम्हांस वाटतें. दर्ग्यांत फुकट गाणारा गवई आपलें दान करतो. आप्पांनीं दिलें तें ज्यांस आतां घेण्यादेण्याची गरज उरली नाहीं त्यांचें होतें. आम्हीं मात्र दुसऱ्याच्या ताटांतील पोळी उचलून पंगतीस वाढली, आणि वाढप्याचा मान स्वतः घेतला.

हा प्रश्न कांहीं आमच्याच घरचा नव्हे. ज्यांचें बालपण सांगलीच्या घरांत गेलें त्या दीनानाथांच्या कन्या लता मंगेशकर यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं मागणी केली कीं, गाणें विकलें जात राहील तोंवर गायकासही त्यांतील वांटा मिळावा. महंमद रफी यांचें मत निराळें पडलें; एकदां मोबदला घेतला कीं गायकाचा संबंध संपला, असें त्यांचें म्हणणें. दोघेही सज्जन, दोघेही थोर. तरी या मतभेदापायीं कांहीं वर्षें त्यांचीं एकत्र गाणीं बंद राहिलीं. मूळ कायद्यांत गाणाऱ्याच्या गळ्यास स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें मोबदल्याच्या वांट्याची तरतूद झाली. म्हणजे गायकाचें गाणें हें त्याचें आहे, हें मान्य करावयास आपणांस एवढीं वर्षें लागलीं. तें आपण एका बोटानें रद्द करूं नये.

आणि गाणाऱ्याच्या पाठीमागें आणखीही माणसें उभीं असतात. भाचीचा तंबोरा मिरजेचा आहे. तेथील शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे कारागीर, १९ व्या शतकांत तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून ते जी वाद्यें घडवितात त्यांचा लौकिक देशभर आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. मान मिळाला, परंतु मोबाईलवर तंबोऱ्याचा आवाज फुकट मिळूं लागल्यापासून नवशिका विद्यार्थी खरा तंबोरा घेण्याची घाई करीत नाहीं. त्यास दोष कसा द्यावा? तंबोरा महाग, खोली लहान. तरी ज्या घरास ऐपत आहे त्या घरानें तरी विचार करावा कीं, भोपळा निवडणारा, जवारी काढणारा हात एकदां थांबला तर मोबाईलमधील यंत्रास नक्कल करावयास तरी काय उरणार आहे?

घरचा ठराव

या सर्वांतून आमच्या घरीं कांहीं नेम ठरले आहेत. ज्या मुद्रणाची मुदत संपली आहे तें मोकळ्या हातानें वाटावें. मात्र नांव, राग, साल आणि बरोबर वेग यांसह वाटावें. घरांतील आजीआत्यांच्या आवाजाच्या फिती आजच्या आज उतरवून घ्याव्यात आणि निदान तीन घरीं ठेवाव्यात. हयात कलावंताचें गाणें आवडलें तर गाणें पाठवूं नये, तें कोठें विकत मिळतें तो पत्ता पाठवावा. आणि कलावंतानें स्वतः होऊन दिलें असेल तर तसें स्पष्ट लिहून पुढें द्यावें. मुलांनीं हे नेम आमच्याहून लौकर उचलले, हें येथें नमूद केलें पाहिजे. आम्हींही कुळाच्या गटावर आपली चूक लिहून कळविली. कित्येकांनीं मुकाट्यानें ३०० रुपये पाठविले, कित्येकांनीं पाठविले नाहींत. भाचीनें कोणाचीं नांवें विचारलीं नाहींत.

यंदाच्या उरुसांत ती मिरजेस दर्ग्यांत गाइली. दुसऱ्या दिवशीं तें गाणें तिनें स्वतःच आम्हांस पाठविलें आणि खालीं लिहिलें, "मामा, हें मात्र खुशाल वाटा. हें तेथें वाहिलेलें आहे." पुतण्यानें तें ओसरीवर लाविलें. अण्णांनीं दोनदां ऐकलें. नंतर चष्मा लावून मोबाईल हातीं घेतला आणि गाणारीचें नांव खालीं नीट लिहिलेलें आहे कीं नाहीं, तें आधीं पाहिलें.